बावीस पानांची कबुली

"पावती कशाची देऊ? खुर्ची हरवलीय असं आमच्याकडं लिहिलंय कुठं?"

हा आवाज तेहतीस वर्षांपूर्वीचा. सरकारी रुग्णालयाच्या भांडारात बसलेल्या, सर्दीनं नाक चोंदलेल्या एका कारकुनाचा. काकांना आपल्या वडिलांचा आवाज आताशा नीट आठवत नसे, पण हा कारकून कानात घर करून बसला होता आणि भाडं न देता राहत होता.

झालं होतं ते असं. वडील शेवटाला टेकले होते आणि एकच धोशा लावून होते, मला घरी ने. गाडी मिळेना. तेव्हा काकांनी (ते तेव्हा कुणाचेच काका नव्हते, चोवीस वर्षांचे काटकुळे होते) वॉर्डातल्या चाकांच्या खुर्चीत वडिलांना बसवलं आणि भर दुपारी, रस्त्याच्या कडेकडेनं, पाच किलोमीटर ढकलत घरी आणलं. एक चाक सारखं कुरकुरत होतं. वडील त्या खुर्चीत खिडकीशी एकोणीस दिवस बसले आणि गेले. सगळं आवरल्यावर काकांनी खुर्ची धुतली, चाकांना तेल घातलं, उसवलेली गादी शिवली आणि ती परत करायला निघाले. दुसरा कुणी असता तर खुर्ची भिंतीला टेकवून, इकडंतिकडं बघत सटकला असता. काकांनी पावती मागितली.

पावतीसाठी नोंद बघावी लागली, नोंदीसाठी भांडारप्रमुखाला उठवावं लागलं, आणि उठवलेला भांडारप्रमुख रिकाम्या हातानं परत झोपत नसतो. खुर्ची नेल्याची तारीख निघाली, परवानगी निघाली नाही. चोरी करताना कुणी पाहिलं नव्हतं. चोरी परत करताना काका पकडले गेले. न्यायाधीशांनी विचारलं, नेली होती का? काका म्हणाले, हो. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. म्हणजे संध्याकाळी साडेपाचपर्यंत एका बाकावर बसून राहायचं. काका बसले, आणि उठताना त्यांनी दंडाची पावती मागितली.

पुढं दोन वर्षांनी वेधशाळेत नोकरी लागली. तेव्हाच्या अर्जाला एकच पान होतं. त्यात उंची विचारली होती, गुन्हा विचारला नव्हता.

वेधशाळेत काकांचं काम फुगा सोडण्याचं. रोज पहाटे, कोंबडासुद्धा कूस बदलत असतो तेव्हा, माणसाच्या उंचीच्या पांढऱ्या फुग्यात वायू भरायचा, त्याच्या तोंडाला तीन वेढे घालून गाठ मारायची, खाली दोरीला यंत्राची डबी बांधायची, आणि सगळं लटांबर मोकळ्यावर आणून, गालाला वारा कुठून लागतो ते बघून, सोडून द्यायचं. फुगा वर जात राहतो, डबी वरच्या हवेच्या खबरा खाली धाडत राहते, आणि शेवटी फार उंचावर फुगा फुटतो. डबी कुठं पडते ते कुणाला ठाऊक नसतं. एकतीस वर्षांत काकांनी साडेनऊ हजारांवर फुगे सोडले होते आणि प्रत्येक फुगा ठिपका होईपर्यंत मान वर करून पाहिला होता. ते काही कामात धरलेलं नव्हतं. लेकीला सासरी पाठवताना गाडी वळणाआड होईपर्यंत उभं राहणं कुठं कुणाच्या कामात धरलेलं असतं?

गल्ली त्यांना फुगेकाका म्हणे. काका प्रत्येक वेळी न चिडता सांगत, "उच्च वातावरण निरीक्षक." गल्ली प्रत्येक वेळी मान डोलवी आणि पुन्हा फुगेकाका म्हणे.

निवृत्तीला सव्वा वर्ष उरलेलं असताना वेधशाळा टेकडीवरून हलवायचं ठरलं. नवी जागा लष्करी विमानतळाच्या कुंपणाआत. आत जायचं तर सुरक्षा पडताळणी. पडताळणीत पास झाला त्याला बिल्ला, नापास झाला त्याची रवानगी शहरातल्या जुन्या नोंदींच्या गोदामात. बाकी पगार तोच, पेन्शन तीच. पण गोदामाला आभाळ नव्हतं. होती ती एक खिडकी, आणि तीही समोरच्या भिंतीकडं तोंड करून रुसलेली.

पडताळणीचा अर्ज बावीस पानांचा होता. वेधशाळेतल्या इतर पाचजणांनी तो दुपारच्या चहाच्या सुट्टीत भरला. प्रत्येक प्रश्नापुढं "नाही" लिहायला असा कितीसा वेळ लागणार. काकांना सात आठवडे लागले.

प्रश्न अकरा : आपणांस कधी अटक अथवा शिक्षा झाली आहे काय? काकांनी "होय" लिहिलं आणि ही बातमी त्यांनी स्वतःच, सल्ला घेण्याच्या मिषानं, जिन्यात सांगितली. वरच्या मजल्यावर वकिलाकडचा कारकून राहत असे. पंचवीस वर्षं वकिलाच्या फायली वाहून तो स्वतःला पाऊण वकील समजे. तो म्हणाला, "काका, जिथं नाही म्हणून भागतं तिथं हो म्हणणारा माणूस कायद्याला आवडत नाही. कायद्याचं काम वाढतं." तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी कच्चा खर्डा मागून घेतला, तांबड्या शाईनं तपासला, आणि "प्रामाणिकपणा उत्तम, अक्षर मध्यम" असा शेरा देऊन परत केला. कर नाही त्याला डर कशाला, असं कुणीतरी म्हणालंच. काकांची अडचण उलटी होती. त्यांनी केलेलं होतं. म्हणून डर होती, आणि डर होती म्हणूनच ते लिहायचं होतं.

पण अर्जाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : उत्तर होय असल्यास निकालाची नक्कल जोडावी.

इथून काकांची स्वतःचा गुन्हा शोधायची यात्रा सुरू झाली. कोर्टाच्या अभिलेख कक्षात कळलं, की त्या सालचे कागद वाळवीनं खाल्ले. तिथली बाई मोठ्या मनाची होती. ती म्हणाली, घरी जा, तुम्ही सुटलात. काका म्हणाले, मी सुटलो नव्हतो, मला शिक्षा झाली होती. पोलीस ठाण्यात हवालदारानं चार रजिस्टरं चाळली आणि काकांना चारित्र्य निष्कलंक असल्याचा दाखला देऊ केला. काकांनी तो घ्यायला साफ नकार दिला. हवालदारानं आयुष्यात प्रथमच असा माणूस पाहिला, जो निर्दोष ठरल्यावर वाद घालत होता. त्यानं काकांना आधी पाणी दिलं, मग घरून कुणाला बोलवू का म्हणून हळूच विचारलं.

अखेर रुग्णालयाच्या निरुपयोगी सामानाच्या वहीत ती नोंद सापडली. "खुर्ची, चाकांची, एक. चोरीस गेली. परत आली. चाके पूर्वीपेक्षा बरी." काकांनी तिची नक्कल काढून घेतली, शिक्का मारून घेतला आणि घरी येऊन काकूंना दाखवली. लोक मुलांची गुणपत्रिका दाखवतात तशी. काकूंनी ती वाचली, "पूर्वीपेक्षा बरी" या शब्दांवर बोट ठेवलं, आणि पदराला चष्मा पुसत आत गेल्या.

प्रश्न चौदा : कर्ज. काकांनी घराचं कर्ज लिहिलं, फ्रिजचा हप्ता लिहिला, आणि मग पेन खाली ठेवायच्या आत मनाला टोचणी लागली. वाण्याकडं महिन्याची उधारी होती. दूधवाल्याचे अठरा दिवस होते. वरच्या मजल्यावरच्या कारकुनाची शिडी गेल्या पावसाळ्यापासून काकांच्या माळ्यावर होती. शिडी हे कर्ज होतं की नव्हतं? काकांनी ती पुरवणी पानावर "वस्तुरूप देणे" म्हणून घातली. वाण्याला विचारायला गेले, की नेमका आकडा सांगा, सरकारला कळवायचाय. वाणी घाबरला. त्याला वाटलं चौकशी आपलीच आहे. त्यानं सगळी उधारी माफ असल्याचं ओरडून सांगितलं, आणि काका परत आणखी एक पुरवणी पान लावायला घरी आले. संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरलं, की फुगेकाकांवर काहीतरी मोठं बालंट आलंय. दूधवाला अठरा दिवसांचे पैसे मागायला आला आणि काकांचा चेहरा बघून, बुडाले तरी चालतील म्हणून, उलट अर्धा लिटर जास्त ओतून गेला.

काका हे सगळं का करत होते, हे त्यांना कुणी विचारलं तर त्यांच्याकडं उत्तर तयार होतं, आणि ते प्रश्न सोळामध्ये होतं.

प्रश्न सोळा : कुटुंबीयांपैकी कोणी गैरव्यवहारात गुंतले होते काय?

काका-काकूंना एकच मुलगा. तो एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं गल्ल्यातून पैसे उचलले. मित्राच्या कुठल्याशा धंद्यात घातले आणि महिनाभरात परत ठेवायचा विचार होता, असं तो म्हणाला. धंदा बुडाला. त्यानं रडत घरी सांगितलं. काका त्याच सकाळी, तोंडात चहाचा घोट नसताना, मालकाकडं गेले आणि सगळं सांगून आले. मुलगा म्हणाला, बाबा, आठ दिवस तरी द्यायचे होते. काका म्हणाले, खऱ्याला मुदत नसते. मुलाची नोकरी गेली, आणि त्याच आठवड्यात मुलगाही गेला, दूरच्या शहरात. पण मालकानं पोलिसांत दिलं नाही. पंधरा दिवसांनी निरोप आला, विषय संपला.

त्या निरोपावर काकांनी चार वर्षं काढली होती. मुलाची उणीव काळजाला डसली, की ते त्यावर हाच लेप लावत : आपण खरं बोललो, म्हणून समोरच्यानं माफ केलं. पोर वाचलं. आज ना उद्या त्यालाही उमगेल. वेधशाळेत, गल्लीत, दवाखान्यात रांगेत बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा त्यांनी ही गोष्ट सांगितली होती. आता त्यांनी ती प्रश्न सोळापुढं सुवाच्य अक्षरांत लिहिली. "मी स्वतः मालकांस कळविले. त्यांनी उदार मनाने माफ केले."

काकू दारात उभ्या होत्या. "हे लिहायलाच हवं का?" त्या म्हणाल्या.

"का? लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात? उलट..."

"नाही," काकू म्हणाल्या, "मी आपलं विचारलं." आणि जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. बोलायचं असेल तर माणूस दार सोडून आत येतो, नसेल तर परत जातो. काकूंनी दोन्हींतलं काही केलं नाही. मग कुकरची शिट्टी झाली.

अर्ज गेला. दीड महिन्यानं चौकशीला माणसं गल्लीत आली आणि गल्लीनं कंबर कसली. हेडमास्तरांनी सांगितलं, की हा मनुष्य इतका शांत आहे की कुणाशी फारसं बोलतच नाही, पहाटे अंधारात बाहेर पडतो, कुठं जातो ते आम्ही विचारत नाही. पाऊण वकिलानं सांगितलं, की मला त्यांच्याविषयी काहीही माहीत नाही आणि असतं तरी सांगितलं नसतं. वाणी म्हणाला, त्यांचं माझ्याकडं एक पैसाही देणं नाही, लिहून घ्या, देवाशप्पथ नाही. रात्रीपर्यंत तिघंही काकांकडं येऊन गेले आणि आपण किती चोख काम केलं ते सांगून गेले. काकांनी तिघांचे आभार मानले.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं. पडताळणी अधिकारी बाई होत्या, तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. टेबलावर काकांची बावीस पानं आणि एकतीस पुरवण्या होत्या. बाईंनी सगळं वाचलं होतं. खुर्चीच्या नोंदीपाशी आल्यावर त्या हसल्या, आणि हसू लपवायला त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. गुन्हा जुना आहे, लहान आहे, पुन्हा घडला नाही, आणि आपण होऊन सांगितला आहे. तो आड येत नाही. मुलाचं प्रकरणही नाही. कर्ज असणं हा दोष नाही; माणूस ते फेडतोय ना, एवढंच आम्ही बघतो. "आम्हाला भीती असते ती लपवलेल्या गोष्टीची," त्या म्हणाल्या. "ज्याला काही लपवायचं असतं, त्याला कुणीही दाबू शकतं. आत गेल्यावर ते परवडत नाही."

काका खुर्चीत ताठ बसले. सात आठवडे जगानं ज्याला खुळा म्हटलं, त्याला इथं कुणीतरी शहाणा म्हणत होतं.

"आता हे एकच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "हे अर्जात नाही."

पतसंस्थेचा कागद होता. चार वर्षांपूर्वीचं कर्ज. रक्कम काकांच्या दहा महिन्यांच्या पगाराइतकी. साडेतीन वर्षं हप्ते बिनचूक भरलेले, गेले पाच थकलेले. कर्जदार म्हणून काकूंचं नाव, सहकर्जदार म्हणून काकांचं. दोघांच्या सह्या.

काकांनी कर्ज पाहिलं नाही. त्यांनी सही पाहिली. त्यांची स्वतःची सही घाईची होती, पहाटे गार पडलेल्या बोटांनी हजेरीवर केलेली. शेवटच्या अक्षराशी ती नेहमी थकून बसे. ही सही थकलेली नव्हती. ती सावकाश, जीव लावून, न चुकता काढली होती. शाळेतली मुलगी फळ्यावरची अक्षरं उतरवून घेते तशी. आणि तिच्यातल्या वेलांटीला जो गोल बाक होता, तो बाक काका तीस वर्षं किराणा सामानाच्या यादीत बघत आले होते.

तारीख मालकाचा निरोप आला त्याच्या दोन दिवस आधीची होती.

उच्च वातावरण निरीक्षकाला दोन आणि दोन जोडायला वेळ लागला नाही. खोलीतली हवा एकदम विरळ झाली.

बाई त्यांच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका," त्या म्हणाल्या. तोवर त्या आपण-आपण करत होत्या. "नीट बघा. ही सही तुमची नसेल तर नाही म्हणा. तुमचा काही दोष राहणार नाही. पुढं ज्यानं केली त्याचं तो बघेल."

ज्यानं केली ती आत्ता घरी दूध तापवत असेल. खोट्या सहीला कोर्ट उठेपर्यंतची कैद पुरत नाही, हे काकांना पाऊण वकिलाच्या शेजारामुळं पक्कं माहीत होतं.

"माझीच आहे," काका म्हणाले. "लिहायचं राहून गेलं."

"शिडी लिहिलीत," बाई म्हणाल्या, "आणि हे राहून गेलं?"

"वय झालं," काका म्हणाले.

सत्तावन्न वर्षांत त्यांनी दुसऱ्याशी खोटं बोलून पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, जीभ अडखळेल, घाम फुटेल. काही झालं नाही. गाठ सैल करावी आणि दोरी हातातून निसटावी, इतकं ते सोपं होतं. बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. निरोप घेताना त्या उठून उभ्या राहिल्या, एवढं मात्र काकांच्या ध्यानात राहिलं.

बाराव्या दिवशी पत्र आलं. आर्थिक दायित्व दडवल्यामुळे अपात्र. गल्ली हळहळली. पाऊण वकील म्हणाला, मी सांगत होतो, हो लिहू नका. हेडमास्तरांनी पत्रातली शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि मग काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका सगळ्यांना म्हणाले, माझीच चूक, एक रकाना राहिला. हे खोटं ते आता न अडखळता सांगत, इतकं की काकूंनाही तसंच सांगितलं. कुठला रकाना, ते काकूंनी विचारलं नाही.

टेकडीवरच्या शेवटच्या पहाटे काकांनी फुगा भरला, तीन वेढे घातले, बाहेर आणला. वारा मंद होता, पूर्वेचा. फुगा हातात असेपर्यंत बैलासारखा ओढ घेतो. सोडला की एकदम हलका होतो, आणि हलका तो होतो की आपण, हे काकांना एकतीस वर्षांत कळलं नव्हतं. त्या दिवशी धुकं होतं. ठिपका होईपर्यंत दिसलाच नाही.

मग गोदाम. दहा ते साडेपाच. काका जुन्या वह्यांवरची धूळ झटकत आणि त्यांत आपल्याच अक्षरातले वारे वाचत. अमुक साली, अमुक पहाटे, वायव्येचा, जोरदार. घरी मात्र काकू अजून पहाटे तीनलाच उठत. चहा ठेवत, मग आठवण होऊन तो झाकून ठेवत, आणि अंधारात ओट्याशी उभ्या राहत. काका जागे असत. कूस बदलत नसत.

काकांनी काही विचारलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. विचारलं की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की चार वर्षांची ती गोष्ट, रांगेतल्या अनोळखी माणसांना सांगितलेली, घरातून उठून जाणार. त्या गोष्टीशिवाय काकांकडं मुलाचं असं दुसरं होतं तरी काय?

एका रविवारी दुपारी काका दाराशी बसून शिडीचे खिळे ठोकत होते. ती आता परत करायची होती. काकू समोर येऊन बसल्या. मांडीवर निवडायचे तांदूळ होते, पण बोटं चालत नव्हती.

"त्या बाईंनी सही दाखवली ना तुम्हाला?"

काकांनी हातोडी खाली ठेवली. "चांगली जमलीय," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरी."

काकूंना हसू आलं, आणि हसूच्या पाठोपाठ दुसरं जे आलं ते त्यांनी तांदळाच्या ताटाकडं बघत गिळलं.

"मालकानं माफ नव्हतं केलं," त्या म्हणाल्या. "पोलिसांत जाणार होता. मी पैसे नेऊन दिले, आणि म्हटलं, ह्यांना सांगू नका, ह्यांना वाटू द्या. हप्ते आपला पोरगाच धाडायचा, तिकडून, दर महिन्याला. सात-आठ महिन्यांपूर्वी तो कामाला होता तो कारखाना बंद पडला."

काकांनी हातातला खिळा शिडीच्या पायरीवर ठेवला. समोरच्या भिंतीवर ऊन सरकत होतं.

"एवढंच नाही," काकू म्हणाल्या, आणि आता त्यांनी वर पाहिलं. "तो तीनदा येतो म्हणाला. मीच नको म्हटलं. आला असता तर उंबऱ्यातच तुम्हाला सगळं सांगून मोकळा झाला असता. तुमच्यावर गेलाय तो."